फासा खरा असेल, पण गल्ला कुणाकडे?

हे बघ, काल फोनवर बोलता बोलता तुझा आवाज खाली गेला तेव्हाच माझ्या लक्षात आलं, घरात तुझ्या या ऑनलाइन जुगारातलं कुणाला काही माहीत नाहीये. माझ्याकडून कळणारही नाही. पण "ताई, साइट एकदम फेअर आहे, प्रूफ बघता येतं" असं तू दोनदा म्हणालास, आणि त्यावर घाईघाईत काहीतरी बोलून टाकायची माझी इच्छा नव्हती. आज निवांत सांगते. ओरडणार नाही. तू इंजिनिअर आहेस, तुला प्रूफ कळतं. मी बँकेत बसते, पैसे कुठे अडकतात ते मला कळतं.

तर प्रूफ खोटं नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी साइट एक गुप्त आकडा ठरवते, सर्व्हर सीड. तो तुला दाखवत नाहीत, त्याचा हॅश तेवढा दाखवतात, ती चौसष्ट अक्षरं-अंकांची ओळ. लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट आधीच टेबलावर ठेवावं, तसं. मग त्यात तुझा क्लायंट सीड येतो आणि दर बेटला एकाने वाढणारा नॉन्स. या तिघांवरून निकाल निघतो. पुढे तू सीड बदललास की जुना सर्व्हर सीड उघडा होतो. त्याचा हॅश काढायचा आणि आधी दाखवलेल्या ओळीशी ताडायचा. जुळला, तर तुझी बेट बघून त्यांनी आकडा फिरवलेला नाही एवढं नक्की. ही युक्ती नवीन नाही. २०१२ मध्ये एरिक वूर्हीस यांनी सुरू केलेल्या सतोशीडाइसवर रोजच्या गुप्त चावीचा हॅश आधीच जाहीर असायचा आणि दिवस उलटला की चावी उघड केली जायची. पुढच्याच वर्षी ती साइट १,२६,३१५ बिटकॉइनला विकली गेली, म्हणजे लोकांना ही गोष्ट किती पटली होती ते बघ.

आता तुझ्या प्रश्नातला न विचारलेला भाग. फासा खरा पडला, तू जिंकलास, मग ते पैसे तुझ्या हातात येतील याचं प्रूफ कुठे आहे? हॅशमध्ये ते नाही. साइटच्या तिजोरीत तेवढे पैसे आहेत की नाहीत, हेही त्यात नाही. विड्रॉवल दाबल्यावर कोण काय कारण सांगेल, तेही नाही.

आपल्या मुंबईत हे सगळं एकदा होऊन गेलंय. मटक्याच्या आधी जो आकडा चालायचा, तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर लागायचा. भाव टेलिप्रिंटरवर यायचे. त्यात इथल्या बुकीला हात घालता येत नसे, म्हणून लोकांचा भरवसा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले आणि कल्याणजी भगत, मग रतन खत्री यांनी इथेच आकडा काढायला सुरुवात केली. पण आकडा न्यूयॉर्कहून येवो नाहीतर वरळीहून, जिंकलेले पैसे नाक्यावरच्या बुकीनेच द्यायचे असत. आणि तो बुकी निदान कुठे बसतो ते ठाऊक असायचं. तुझ्या साइटचा मालक कुठे बसतो, सांग बरं मला.

त्या प्रूफबद्दल अजून थोडं, कारण तू त्याच्यावरच अडून बसलायस. क्लायंट सीड तू स्वतः टाकलास का, की साइटने आपोआप भरून दिलेलाच चालू ठेवलास? तोही त्यांचाच असेल तर दोन्ही बाजूंचे फासे त्यांच्याच हातात. सीड बदलून कधी ताडून बघितलंस का? आणि बघितलंस तर त्याच साइटच्या 'व्हेरिफाय' पानावर ना? परीक्षा घ्यायची तर स्वतः दहा ओळींचा कोड लिही, तुला काय अवघड आहे. शिवाय हे प्रूफ बहुतेक वेळा साइटच्या स्वतःच्या खेळांनाच असतं, डाइस, क्रॅश वगैरे. बाजूला जे रंगीबेरंगी स्लॉट आणि कॅमेऱ्यासमोर पत्ते वाटणाऱ्या बायका दिसतात, ते खेळ बाहेरच्या कंपन्यांचे. तिथे तुला ना सीड दिसतो ना हॅश.

आणि गणित बरोबर असलं तरी ते चालवणारं सॉफ्टवेअर माणसंच लिहितात. प्राइमडाइस या साइटचं प्रकरण तुला माहीत नसेल. २०१४ च्या सुमाराची गोष्ट. 'हफलपफ' नावाने एक खेळाडू आला आणि मोठमोठ्या बेट लावून जिंकतच सुटला. पुढे उलगडा झाला तो असा: सर्व्हरला एकाच वेळी ढीगभर विनंत्या पाठवून त्याने असा गोंधळ घातला होता, की उघड झालेला सर्व्हर सीडच चालू खेळात वापरात राहायचा. पुढचा निकाल त्याला आधीच कळत होता. साइटचे सुमारे २,४०० बिटकॉइन गेले, तेव्हाचे जवळपास दहा लाख डॉलर. गंमत बघ, लाखेचा शिक्का जागच्या जागी होता, पाकीट मात्र एकाने आधीच वाचून ठेवलेलं. त्यात मालकाचे पैसे गेले म्हणून आपण हसून सोडून द्यायचं, असं तुला वाटेल. पण तुझी शिल्लकही त्याच मालकाकडे असते ना?

प्राइमडाइसच्याच मंडळींनी पुढे २०१७ मध्ये स्टेक ही साइट काढली. ४ सप्टेंबर २०२३ ला स्टेकच्या वॉलेटमधून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरचं क्रिप्टो उचललं गेलं आणि अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीचं नाव घेतलं. खेळाडूंच्या पैशांना धक्का नाही असं कंपनीने सांगितलं आणि काही तासांत व्यवहार सुरू केले. ती अवाढव्य कंपनी, तिने सोसलं. तुझ्या साइटची लिंक तू मला पाठवलीस, त्या पानावर कंपनीचं नावसुद्धा मला धड सापडलं नाही. तिच्यावर हीच वेळ आली तर 'मेंटेनन्स चालू आहे' अशी पाटी लागेल आणि ती कधी निघणारच नाही.

आता हिशेब. डाइसवर साइटचा वाटा साधारण एक टक्का. ऐकायला काहीच नाही. पण हा टक्का तू भरलेल्या रकमेवर नसतो, तू फिरवलेल्या रकमेवर असतो. दहा हजार भरलेस आणि जिंकत-हरत तेच पैसे वीस वेळा फिरवलेस, तर दोन लाखांच्या बेट झाल्या आणि सरासरी दोन हजार गेले. ऑटोबेट लावून झोपलास तर रात्रीत किती फिरतात ते तूच मोज. बोनसचंही तेच. पाच हजारांचा बोनस, चाळीसपट वेजरिंगची अट, म्हणजे दोन लाखांच्या बेट लावल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. खेळात साइटचा वाटा तीन टक्के असेल तर त्या दोन लाखांत सरासरी सहा हजार जातात. पाच हजार मिळवायला सहा हजार! आमच्या पिग्मी एजंटलाही हे पटणार नाही.

आणि हरलं की दुप्पट लावायची तुझी ती 'सिस्टिम'. शंभरपासून सुरू केलंस आणि सलग दहा वेळा हरलास तर एक लाख दोन हजार तीनशे रुपये गेलेले असतात, तेही शंभर रुपये जिंकायच्या आशेने. सलग दहा हारांची शक्यता साधारण सव्वानऊशेत एक. एकदोनदा खेळलास तर होणार नाही. तू एकदोनदा खेळतोस का? बाकी त्या क्रॅशच्या खेळातलं विमान कधी उडून जाणार हे आधी सांगणारं 'प्रेडिक्टर' ॲप तू म्हणत होतास, ते आजच फोनमधून काढ. पुढचा सीड खरंच कुणाला कळत असता, तर तो तुला टेलिग्रामवर पाचशे रुपयांना विकत बसला नसता. असली ॲप फोनमध्ये शिरून लॉगिन चोरण्यासाठी असतात.

विश्वासाची गोष्ट निघाली आहे तर परवान्याबद्दल सांगते. पानाच्या तळाशी कुरासाओचा शिक्का बघून तुला हायसं वाटलं. कॅरिबियन समुद्रातलं एक छोटं बेट आहे ते, नेदरलँड्सच्या राज्याचा भाग. तिथे कित्येक वर्षं चार मुख्य परवानाधारक होते आणि त्यांच्याकडून पोटपरवाने वाटले जायचे. २०२४ च्या डिसेंबरात तिथे नवा कायदा आला, नियम कडक झाले, ते चांगलंच आहे. पण तुझे तीस हजार अडकले तर तू नाशिकहून कुरासाओत जाऊन भांडणार आहेस का? ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या साइटविरुद्ध तक्रार नेता येईल अशा स्वतंत्र निवाडा संस्था तरी असतात. त्या ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकांसाठी, तुझ्यासाठी नाहीत.

इथे तर दारच बंद आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. पैशांची ने-आण करून देणाऱ्यालाही तीन वर्षं. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, तेव्हा घाबरून बसू नकोस. पण साइटने पैसे बुडवले तर "माझे जुगारातले पैसे मिळवून द्या" म्हणून तू कुणाकडे जाणार?

हे त्या साइटवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. तू व्हीपीएन लावून शिरतोस, कारण भारतातून साइट उघडत नाही. भरताना कुणी काही विचारत नाही. हरताना तर नाहीच. मोठी रक्कम काढायला गेलास की केवायसी मागतात, आधार दिसतं, आणि मग नियम क्रमांक अमुक: बंदी असलेल्या देशातून खेळलात, शिल्लक जप्त. नियम खरोखरच तिथे लिहिलेला असतो आणि त्याला मान्यतेची टिचकी तूच मारलेली असते. आणि काही साइट तर नुसता देखावा. कुणा प्रसिद्ध माणसाचा बनावट व्हिडिओ, प्रोमो कोड टाका, खात्यात अडीच हजार डॉलर दिसतात, काढायला गेलं की "आधी पडताळणीसाठी शंभर डॉलर भरा." ते शंभर भरले की अजून काहीतरी. जिंकलेले पैसे काढायला पैसे मागितले की तिथेच थांबायचं, एक रुपया पुढे टाकायचा नाही.

आता माझ्या टेबलावर काय येतं ते ऐक, कारण यात तू साइटपेक्षा जास्त अडकशील. समज, तू साइटवरून यूएसडीटी, म्हणजे क्रिप्टो, काढलेस आणि पी टू पीवर, म्हणजे थेट कुणा अनोळखी माणसाला विकलेस. त्याने तुझ्या खात्यात रुपये टाकले. भाव बाजारापेक्षा दोन रुपये जास्त दिला, तू खूश. तो जास्तीचा भाव का देतो, हे मात्र तू विचारलं नाहीस. ते रुपये दुसऱ्या कुठल्यातरी राज्यात एका निवृत्त शिक्षकाला डिजिटल अरेस्टची भीती घालून काढलेले असतात. ते गृहस्थ १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतात, पोलिस पैशांचा माग काढत एकेका खात्यातून पुढे येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तुझं नाव येतं. आमच्याकडे पत्र येतं आणि खात्यावर होल्ड लागतो. कधी तेवढ्याच रकमेवर, कधी अख्ख्या खात्यावर. पगाराचं खातं असेल तर ईएमआय बाउन्स होतो, घरभाडं अडतं. लोक काउंटरवर येऊन माझ्यावर ओरडतात, "मॅडम, मी काय केलं?" मी काहीच करू शकत नाही. ज्या ठाण्यातून पत्र आलं तिथल्या तपास अधिकाऱ्याकडून ना-हरकत आणावी लागते, नाहीतर कोर्टात जावं लागतं. आणि तिथे पहिला प्रश्न असतो, हे क्रिप्टो तुमच्याकडे आलं कुठून? तेव्हा काय सांगशील?

म्हणून आपलं खातं कुणाला 'वापरायला' देणं हा विषय तर मनातूनही काढून टाक. टेलिग्रामवर तो जो दादा तुला महिन्याला पंधरा हजार देतो म्हणाला, त्याला ब्लॉक केलंस ना? केलं नसशील तर हे वाचतानाच कर.

असो. पैसे तिथे आहेत, ते बाहेर काढायचे आहेत, तोवर खातं सांभाळायचं कसं ते सांगते.

सुरुवात साइटच्या पासवर्डपासून नको, ईमेलपासून कर. ज्याच्या हातात ईमेल, त्याच्या हातात बाकी सगळे पासवर्ड बदलायची चावी. कॉलेजपासून एकच पासवर्ड तू सगळीकडे चालवतोस, मला माहीत आहे, वायफायलाही तोच होता. ईमेलला नवा लांब पासवर्ड, साइटला दुसरा, दोन्ही पासवर्ड मॅनेजरमध्ये. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी एसएमएसवर ठेवू नकोस. तुझ्या नावाने कुणी दुसरं सिम काढलं की ओटीपी त्याच्याकडे जातात. ऑथेंटिकेटर ॲप लाव आणि त्याचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेव, गॅलरीतल्या स्क्रीनशॉटमध्ये नको. साइटवर विड्रॉवलचा पत्ता आधी नोंदवून कुलूपबंद करायची सोय असेल तर ती सुरू कर. मग कुणी आत शिरला तरी पैसे लगेच आपल्या पत्त्यावर वळवू शकत नाही.

आणि एक, मोफत मिळणारं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि मॉड एपीके यांचा तुला भारी सोस. त्यातली काही ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेतात. मग पासवर्डही लागत नाही आणि ऑथेंटिकेटरही विचारत नाही. तेव्हा हे सगळं स्वच्छ लॅपटॉपवरून कर, काम झालं की सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट हो. साइटचा पत्ता गुगलवर शोधून उघडू नकोस, वर दिसणाऱ्या जाहिरातीत हुबेहूब नकली पानं असतात. 'सपोर्ट'मधून आपणहून मेसेज करणारा माणूस सपोर्टचा नसतोच. तो स्क्रीन शेअर करायला सांगेल, एनीडेस्क टाकायला सांगेल, वॉलेटचे बारा नाहीतर चोवीस शब्द विचारेल. ते शब्द मलासुद्धा सांगायचे नाहीत.

काढताना घाई नको. बोनस चालू असेल तर आधी तो सोडून दे, नाहीतर अटी गळ्यात राहतील. पी टू पी नको. आपल्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर तुझ्याच नावाने, केवायसी झालेलं खातं असेल तिथे पाठव. एक्स्चेंज पैसे कुठून आले हे विचारू शकतं, विचारलं तर खरं सांग, कारण ब्लॉकचेनवर ते तसंही दिसतं. नेटवर्क तपास. यूएसडीटी चुकीच्या नेटवर्कवर पाठवून बसलास तर कोणती बँक ते परत आणून देणार? पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर पूर्ण वाच, नुसती पहिली आणि शेवटची चार अक्षरं नको. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, आणि टोकं जुळणारे बनावट पत्ते मुद्दाम तयार करून तुझ्या व्यवहारांच्या यादीत सोडणारेही असतात. आधी अगदी थोडी रक्कम पाठव. ती पोचली की बाकीची. केवायसी मागितलंच तर आधार द्यायचं की ती रक्कम सोडून द्यायची, हे मला विचारून ठरव. कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवर तुझा चेहरा आणि आधार कायमचा राहणार असेल, तर कधीकधी तीस हजार सोडलेले परवडतात.

मधल्या वेळात हात शिवशिवतील. शिल्लक समोर दिसत असताना 'एकच' होतं, ते मला कळतं. खरंच थांबता येत नसेल तर स्पष्ट सांग, किंवा १४४१६ वर टेली-मानसला फोन कर, मराठीतही बोलतात, फुकट आहे. आणि कुणी तुझ्या खात्यातून रुपये काढल्याचं लक्षात आलं तर मला फोन करत बसण्याआधी १९३० लाव. पहिले काही तास महत्त्वाचे असतात, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात.

राहता राहिला आयकर. ऑनलाइन खेळात निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के आणि क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावरही तीस टक्के, वर विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. एका क्रिप्टोतला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. तेव्हा साइट बंद व्हायच्या आत डिपॉझिट-विड्रॉवलची सगळी यादी डाउनलोड कर, व्यवहारांचे हॅश आणि बँक स्टेटमेंट त्याच फोल्डरमध्ये टाक. आपल्या सीए काकांकडे जायला तुला लाज वाटेल, ते बाबांचे मित्र. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत ठाण्यात, असली प्रकरणं बघतात आणि फालतू प्रश्न विचारत नाहीत. शनिवारी सकाळची वेळ घेते तुझ्यासाठी, येताना पॅन कार्ड आण.